पाण्याची खबर देणारा दिवा

आमच्या घरच्या जुन्या मोटारीत एक लाल दिवा सात-आठ महिने आम्हाला छळत होता. करंगळीच्या नखाएवढा. पाण्याच्या लाटा आणि त्यात उभा बुडवलेला थर्मामीटर असे त्यावरचे चित्र. किल्ली फिरवली की तो इतर सगळ्या दिव्यांबरोबर लागायचा आणि त्यांच्याबरोबरच विझायचा. पण गाडी गल्लीतून निघून मोठ्या रस्त्याला वळली, की एकटाच परत यायचा आणि लुकलुकत राहायचा. गंमत अशी, की शेजारची तपमानाची सुई अगदी मध्यावर, निवांत. एकाच पाण्याबद्दल दोन साक्षीदार, आणि दोघांच्या जबान्या उलट.

गाडी २००४ सालची, दुसऱ्या हाताने घेतलेली. कंपनीचे नाव सांगत नाही. दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. आणि वयाच्या दोषांविषयी माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने जरा जपूनच बोलावे.

सल्ले भरपूर मिळाले. शेजाऱ्यांनी बॉनेट उघडून कूलंटची टाकी पाहिली आणि म्हणाले, "पाणी तर आहे की! सेन्सर गेला असणार." एका मेकॅनिकने सेन्सरचा प्लग काढला, त्याच्या पिना घासून साफ केल्या, बॉनेट बंद करता करता अर्धी बाटली पाणीही ओतले. नऊ दिवस दिवा लागला नाही. आम्ही सगळ्यांना सांगून टाकले, की सेन्सरच होता. दहाव्या दिवशी दिवा परत आला. मग दुसरा मेकॅनिक म्हणाला, "सर, दोन वायरी एकमेकींना जोडून देतो. परत कधी लागणार नाही. वीस रुपयांचं काम."

त्याला मी नको म्हणालो. कारण वीस रुपयांचे ते काम मी एकदा पाहिले होते.

माझ्या भाच्याची गोष्ट आहे. बहिणीचा मुलगा. शिक्षण अर्धवट राहिले, ड्रायव्हिंग मात्र चांगले. एक लाख दहा हजारांना त्याने एक जुनी गाडी घेतली, निम्मे पैसे उसने. लग्नाची, दवाखान्याची, विमानतळाची भाडी मारायचा. त्याच्याही गाडीत असाच दिवा लागायचा. गिऱ्हाईक मागे बसून विचारायचे, "अरे, हे लाल काय लुकलुकतंय?" त्याला लाज वाटायची. त्याने दोन वायरी जोडून घेतल्या आणि दिवा गेला. पुढे अकरा दिवसांनी तो आईला घेऊन चाळीसगावकडून येत होता. कन्नडच्या घाटात, चढ सुरू झाल्यावर, तपमानाची सुई थोडी वर गेली आणि मग चक्क खाली आली. थंडच्या खुणेजवळ. त्याला वाटले, रात्रीची हवा गार आहे, इंजिन निवले. दोन वळणे गेली आणि गाडीने एक घरघर केली, झटका दिला आणि ती थांबली. इंजिन जाम. दोघे मायलेक रात्री दोन वाजेपर्यंत घाटात, एका ट्रकच्या उजेडात बसून होते. इंजिनाच्या दुरुस्तीचा आकडा ऐकून त्याने गाडी भंगारात दिली. उसने पैसे तो अजून फेडतो आहे, दुसऱ्याची गाडी पगारावर चालवून.

पाणी संपले तर सुई वर जायला हवी. ती खाली का आली? हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून होता. बी.ए.ला माझा विषय इतिहास. पदार्थविज्ञानाशी कधी फारशी ओळख झाली नाही. म्हणून मी आपला इतिहासाच्या दाराने आत शिरलो. मोटारीतल्या पाण्याची खबर माणसाला कशी कशी मिळत आली, ते शोधत गेलो. आणि सांगायला आनंद वाटतो, की दिव्याचे कोडे त्याच वाटेवर सुटले.

मोटारीला पाणी लागते, कारण पेट्रोलची बरीचशी आग वाया जाते. जळणाच्या उष्णतेपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेली काही धुराबरोबर जाते आणि काही इंजिनाच्या धातूत शिरते. सिलिंडरमध्ये ज्योतीचे तपमान दोन हजार अंशांच्या वर जाते आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळते. म्हणजे आपण जे इंजिन म्हणतो, ते पाण्याने सतत वाचवलेले एक भांडे आहे. चुलीवर दूध ठेवले आहे आणि कोणीतरी अखंड फुंकर घालते आहे, असे.

जर्मनीत कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीसाठी पेटंटचा अर्ज केला. त्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जायचे, आणि जाता जाता उष्णता घेऊन जायचे. माठाचाच न्याय. माठातले पाणी घटते म्हणून तर ते गार राहते. १८८८च्या ऑगस्टमध्ये बेंझ यांच्या पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्या गाडीने मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेल्या. शंभरएक किलोमीटर. इंधन वाटेत एका औषधाच्या दुकानातून घेतले, हे सगळे सांगतात. पण त्यांना वाटेत जागोजागी पाणीही भरावे लागले, हे कोणी सांगत नाही. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला आणि तिला पाण्याची काळजी वाहावी लागली, यात आमच्या मराठवाड्यातल्या बायकांना काही नवल वाटणार नाही.

त्या गाडीला पाण्याचा दिवा नव्हता, काटा नव्हता. गरजही नव्हती. पाणी डोळ्यांसमोर उकळत होते.

पाणी डोळ्यांआड गेले ते विल्हेल्म मायबाख यांच्या हातून. १९००-०१मध्ये डाइमलर कंपनीत त्यांनी मर्सिडीज नावाची नवी गाडी घडवली. तिच्या नाकाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्या, त्यांतून वारा जाणार, बाजूने पाणी फिरणार, मागे पंखा. पूर्वी जिथे अठरा लिटर पाणी लागे, तिथे नऊ लिटरांत भागू लागले. आजच्या प्रत्येक मोटारीचा रेडिएटर याच खानदानातला. पण निम्म्या पाण्यात काम करायचे, म्हणजे निम्म्याच पाण्याचा आधार. आता एक लिटर पाणी गळाले तर ते मोठे नुकसान ठरू लागले. आणि ते गळाले हे कळायला मार्ग नाही, कारण सगळे बंद भांड्यात.

फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या निघाल्या. सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर तिच्यात पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी खाली उतरते, एवढ्या भरवशावर पाणी फिरायचे. यात एक मेख होती. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली, की फिरणे बंद. टाकीत पाणी आहे, पण फिरत नाही! पाणी किती गरम आहे यापेक्षा पाणी किती आहे हा प्रश्न आधीचा, हे तेव्हाच्या ड्रायव्हरांना ठाऊक होते. पुढे तो प्रश्न लोक विसरले.

विसरायचे कारण थर्मामीटर. १९१०च्या दशकात अमेरिकेत हॅरिसन बॉइस यांचे 'मोटोमीटर' बाजारात आले. रेडिएटरच्या टोपणावर उभा बसवलेला, गोल चेहऱ्याचा थर्मामीटर. आपल्या जागेवर बसून ड्रायव्हरने काचेतून त्याच्याकडे बघायचे. लाल रेघ वर चढली की थांबायचे. जुन्या मोटारींच्या छायाचित्रांत बॉनेटच्या टोकाला ते दिसते. लोक त्याला पंखबिंख लावून नटवायचे. रात्री ते दिसत नसे, हा भाग वेगळा. त्याची खुबी अशी, की त्याचे नाक पाण्यात नसे. पाण्याच्या वर, वाफेत असे. म्हणजे ते वाफ हुंगून खबर द्यायचे.

नंतर काटा डॅशबोर्डवर आला. इंजिनात पाण्यात बुडवलेली एक कुपी, तिच्यापासून ड्रायव्हरपर्यंत एक बारीक नळी. पुढे नळी जाऊन विजेची तार आली. सोय झाली. पण आता थर्मामीटरचे नाक पाण्यात बुडलेले. आणि इथे भाच्याच्या कोड्याचे उत्तर आहे. थर्मामीटर पाण्यात असेल तरच पाण्याचे तपमान सांगतो. पाणी खाली गेले आणि तो पोकळीत उघडा पडला, की इंजिन होरपळत असताना तो आजूबाजूच्या हवेचे तपमान सांगत बसतो. खोटे बोलत नाही बिचारा. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देतो, फक्त प्रश्न बदललेला असतो. घाटात सुई खाली आली, ती पाणी निवले म्हणून नव्हे. सुईपाशी पाणीच उरले नव्हते म्हणून.

काट्यानंतर दिवा. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने तेलाचे आणि चार्जिंगचे काटे काढून त्यांच्या जागी लाल दिवे बसवले. काटा वाचावा लागतो, दिवा नुसता दिसतो. शिवाय स्वस्त. हळूहळू पुष्कळ गाड्यांत तपमानाचाही दिवा आला. जाणकार ड्रायव्हर चिडले. त्यांनी त्याला जे नाव दिले, त्याचा मराठी अर्थ 'मूर्खांसाठीचा दिवा' असा होतो. त्यांचा राग खरा होता. काटा चढताना दिसतो आणि आपण सावध होतो. दिवा लागतो तेव्हा पाणी उकळून झालेले असते.

आपल्याकडच्या ड्रायव्हरांचा मात्र काटा आणि दिवा दोघांवरही फारसा भरवसा नव्हता. आमचे बडे अब्बा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सत्तरच्या दशकात मुंबईच्या रस्त्यावर ट्रक चालवायचे. कसारा घाट त्यांना हाताच्या रेषांसारखा पाठ. त्यांच्या ट्रकच्या पुढे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी लोंबकळायची. काही लोक तिला छागल म्हणत. आमच्या घरी तिला 'भिस्ती' म्हणत, कारण आमच्या आजोबांनी पखाल पाठीवर घेऊन गल्लोगल्ली पाणी घालणारे भिस्ती पाहिलेले. पिशवीचे कापड पाझरे आणि वाऱ्याने पाणी गार राही. ते प्यायलाही आणि इंजिनालाही. बडे अब्बा म्हणायचे, "इंजन गरम होता तो पहले आवाज बदलती, फिर बास आता, काँटा तो सबसे आखिर में उठता." घाट चढून गेल्यावर ते ट्रक उभा करायचे, इंजिन बंद न करता. टोपणाला लगेच हात लावायचा नाही. ओले पोते टाकायचे, बिडी ओढायची आणि मग पाणी हळूहळू, चालत्या इंजिनात. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडले तर ब्लॉकला तडा जातो, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते; कोणाचा तरी ब्लॉक फुटलेला त्यांनी पाहिला होता.

टोपणाला हात न लावण्याचे कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. मोटारीचे पाणी कुकरसारखे दाबाखाली ठेवतात. हवेच्या दाबाइतका आणखी एक दाब दिला की पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांना उकळते. टोपण सैल केले की दाब जातो, आणि न उकळलेले पाणी एका क्षणात उकळून अंगावर येते. उन्हाळ्यात घाटांत किती ड्रायव्हरांचे हात आणि चेहरे असे भाजले असतील! महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघडे पाणी पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळते. म्हणजे टोपणाचे रबर गेलेली गाडी जसजशी चढेल, तसतशी तिची सहनशक्ती उतरत जाते. सगळा भार चढावर, आणि आधार तिथेच कमी.

बडे अब्बांच्या पिढीची एक चूकही सांगितली पाहिजे. नवीन गाडी आली की ते आधी थर्मोस्टॅट काढून फेकायचे. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी झडप. अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी १९३०च्या दशकात ती काढली. इंजिन गार असताना ती पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. मेण वितळून फुगले की वाट उघडते. "अपने यहाँ इतनी गर्मी, इसका क्या काम?" असा त्यांचा सवाल. पण इंजिनाला गारठाही मानवत नाही. पेट्रोल जास्त जळते, तेलात ओल धरते. तसेच कूलंटचे. ग्लायकॉल हे रसायन फ्रान्समध्ये शार्ल-अदोल्फ वुर्त्झ यांनी १८५६ मध्ये पहिल्यांदा तयार केले आणि १९२०च्या दशकात ते मोटारींत आले, ते थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून. आपल्याकडे कोण गोठते? म्हणून आपण पन्नास वर्षे बोअरचे पाणी ओतत राहिलो. मराठवाड्यातले बोअरचे पाणी! ज्याने चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो, त्याने रेडिएटरच्या नळ्यांचे काय केले असेल? कूलंटात गंज आणि क्षार रोखणारी द्रव्ये असतात आणि ते पाण्यापेक्षा जास्त तपमानाला उकळते. आपल्याला ते हवे आहे ते यासाठी. एक सूचना मात्र जरूर ऐका. ग्लायकॉल गोड असते आणि विषारी असते. गाडीखाली सांडलेले मांजर-कुत्र्यांनी चाटले तर ती मरतात. लहान मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नका.

आता आमच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे येतो. तो तपमानाचा दिवा नव्हताच, हे मला इतक्या उशिरा कळले. चित्रात थर्मामीटर आहे म्हणून सगळे फसतात. कित्येक गाड्यांत तोच दिवा दोन कामे करतो: पाणी तापले तरी लागतो आणि पाणी कमी झाले तरी लागतो. सुई शांत असताना तो लुकलुकतो आहे, म्हणजे तो पातळीबद्दल बोलतो आहे. 'मॉडेल टी'च्या ड्रायव्हरांचा तो विसरलेला प्रश्न दिव्याच्या रूपाने परत आला होता.

पातळी तो कशी ओळखतो? काही गाड्यांत टाकीत एक तरंगता गोळा असतो, त्यात लोहचुंबक, आणि खाली काचेच्या नळीत दोन पत्र्या. चुंबक जवळ आले की पत्र्या चिकटतात किंवा सुटतात. ही पत्र्यांची युक्ती १९३६ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत टेलिफोनसाठी निघाली. आमच्या गाडीत त्याहून साधा प्रकार होता. टाकीच्या तळाकडे धातूच्या दोन पिना. दोन्ही पाण्यात बुडलेल्या असतील तर पाण्यातून बारीकसा वीजप्रवाह जातो. पाणी खाली गेले की प्रवाह तुटतो आणि दिवा लागतो.

इथे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. जुन्या तपमानाच्या दिव्यात उलटे होते. इंजिन तापले की एक पत्री वाकून तार जोडली जायची आणि दिवा लागायचा. तार उंदराने कुरतडली, तर इंजिन पेटले तरी दिवा लागणार नाही. तो बिघडला की मुका व्हायचा. पिनांचा दिवा बिघडला की ओरडतो: पाणी गेले तरी लागतो, तार तुटली तरी लागतो, प्लगला गंज चढला तरी लागतो. ही अक्कल मोटारवाल्यांच्या आधी रेल्वेवाल्यांना सुचली होती. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये रुळांतून वीज खेळवणाऱ्या सिग्नलचे पेटंट घेतले. रुळांत प्रवाह चालू आहे तोवर 'रस्ता मोकळा'. गाडी आली, रूळ तुटला किंवा बॅटरी संपली, काहीही झाले तरी सिग्नल धोकाच दाखवणार. गप्प बसणे हाच ज्याचा इशारा, अशी रचना.

अशा दिव्याची किंमत काय? तर तो कधी कधी उगाच ओरडतो. आणि उगाच ओरडणाऱ्याचे आपण काय करतो, ते सर्वांना माहीत आहे. दोन वायरी जोडल्या, की पिनांना कायमचे पाणी लागल्यासारखे होते. टाकी कोरडी ठणठणीत असली तरी. ज्या दिव्याला मुका होता येऊ नये म्हणून एवढी युक्ती केली, त्याला वीस रुपयांत मुका करता येतो. मेकॅनिकांनाही मी फार दोष देत नाही. ज्या हातांनी वीस वर्षे जुने दिवे दुरुस्त केले, त्यांना 'दिवा लागतो म्हणजे दिवा बिघडला' असेच वाटणार. शिवाय गिऱ्हाईक म्हणते, दिवा घालवा. गळती शोधा असे कोण म्हणते?

शेवटी मी गाडी एका म्हाताऱ्या उस्तादांकडे नेली. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि एक कडुलिंब. त्यांनी आधी काहीच उघडले नाही. विचारले, "शायरसाब, बत्ती कब आती?"

"मोठ्या रस्त्याला वळलो की, उस्ताद."

"हमेशा मोड़ पे?"

"बहुतेक वेळा."

"और वो पिन साफ किए थे, तब पानी भी डाला था क्या?"

मी हो म्हणालो. ते हसले. एका वेळी दोन कामे केली, तर कोणत्या कामाने गुण आला हे कसे कळणार? पिना घासल्या म्हणून नव्हे, अर्धी बाटली पाणी पडले म्हणून ते नऊ दिवस शांततेत गेले होते. आणि वळणावर दिवा येतो, म्हणजे पाणी पिनांच्या काठावर आहे. वळताना एका बाजूला कलते आणि पिना उघड्या पडतात.

"पण टाकीत पाणी दिसतंय की," मी म्हणालो. त्यांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी मला बोलावले. गार इंजिनावर टाकीच्या मागून टॉर्च धरला आणि गाडीला खांद्याने एक हिसका दिला. मी ज्याला पाण्याची रेघ समजत होतो, ती हललीच नाही. प्लॅस्टिक पिवळे पडलेले आणि त्यावर जुन्या पातळीचा तपकिरी डाग. खरे पाणी त्याच्या चार बोटे खाली हिंदकळत होते. शेजारी, मेकॅनिक, मी, सगळ्यांनी तो डाग पाहून पाणी आहे असे सांगितले होते.

मग पाणी जाते कुठे? उस्तादांनी मला त्यांच्याबरोबर फिरवले. तेलाच्या टोपणाखाली साय धरली आहे का, पाहिले. तशी असती तर पाणी तेलात जात असते, हेड गॅस्केट गेल्याची ती एक खूण. नव्हती. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर नव्हता. चालू इंजिनावर टाकीत बुडबुडे नव्हते. पायाखालची सतरंजी कोरडी होती. हीटरची नळी फुटली की ती ओलावते. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असते, पंपाचे सील गेले की तिथून गळते. तिथेही काही नाही. मग त्यांनी टाकीच्या तोंडावर हातपंप बसवला आणि हवेचा दाब दिला. पंपाचा काटा खाली येऊ लागला. इतका सावकाश, की आमचा चहा पिऊन झाला. टाकी सोडवून उलटी केली, तेव्हा खालच्या सांध्यावर गुलाबीसर पांढरी, वाळलेली रेघ दिसली. केसाएवढी चीर. गार असताना मिटलेली. इंजिन तापून दाब आला की उघडायची. त्यातून येणारे थेंब गरम धातूवर पडून जागच्या जागी उडून जायचे. म्हणून आमच्या अंगणात कधी डाग पडला नाही.

नवी टाकी आणि नवे टोपण बसवले. जुने पाणी पुरते काढून एकाच जातीचे कूलंट भरले. वेगवेगळ्या जातीची मिसळली तर कधी कधी गाळ धरतात, म्हणून. नळीतली हवा काढायला अर्धा तास लागला. अडकलेला हवेचा बुडबुडा सुईला फसवतो, हे आता मलाही कळत होते. खर्च भाच्याच्या इंजिनाच्या बिलाचा विसावा हिस्साही नाही. जुनी टाकी मी मागून घेतली. उस्तादांना वाटले असेल, शायर लोक काहीही गोळा करतात.

ती टाकी माझ्या टेबलाखाली आहे. परवा रविवारी भाचा आला, तेव्हा त्याने ती पाहिली. हातात घेऊन बराच वेळ चिरेवरून अंगठा फिरवत बसला. मग म्हणाला, "मामू, मालकाच्या गाडीत परवापासून दिवा लागतोय. लग्नसराई आहे, गाडी उभी ठेवायची नाही, तार जोडून घे म्हणतोय."

मी उठलो आणि त्याला कपाटातला टॉर्च काढून दिला.